कोरमपुरती सही

मला आमच्या गल्लीत शंकेखोर म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण मी वळलो की म्हणतात, आणि माझे कान अजून चांगले आहेत. त्याचं मला वाईट वाटत नाही. माझी सगळी नोकरी एका सहकारी बँकेत सह्या तपासण्यात गेली. चेकवरची सही आणि कार्डावरची नमुना सही शेजारी शेजारी धरायची, जुळली तर पुढं, नाही तर परत. अक्षराची शेपटी कुठं वळते, घाईत सही केली की कुठला काना गळतो, हात थरथरतो तो वयानं की भीतीनं, हे बघण्यात डोळ्यांना चष्मा लागला. एकदा खुद्द सासऱ्यांचा चेक मी परत पाठवला, कारण सहीतला एक फाटा कमी होता. त्या दिवाळीला सासुरवाडीत मला कुणी बसा म्हणालं नाही. पण फाटा कमी होता तो होताच, त्याला मी काय करू?

रिटायर झाल्यावर ही खोड कुठं जाणार? गॅसची पावती आली की मी दोन्ही बाजूंनी वाचतो. औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचतो. लग्नपत्रिकेत तिथी आणि वार जुळतात का ते पंचांग काढून बघतो, आणि एकदा जुळले नव्हते. गल्लीतला रस्ता सिमेंटचा केला आणि पुढच्याच महिन्यात पाइपलाइनला उकरला, तेव्हा खड्ड्याच्या काठावर उभं राहून मी जेसीबीवाल्याला विचारलं, "हे कुणी ठरवलं?" तो म्हणाला, "पावणं, बाजूला व्हा." तो माझा आवडता प्रश्न आहे. हे कुणी ठरवलं? बायको म्हणते, "यम न्यायला आला तरी तुम्ही आधी त्याच्याकडं ओळखपत्र मागणार."

आमचं गाव कोल्हापूरला चिकटलेलं आहे. धड गाव नाही, धड शहर नाही. माझ्या एका खिडकीतून पाच मजली अपार्टमेंट दिसतं आणि दुसऱ्या खिडकीतून म्हशी. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, ते सोडायची चावी ग्रामपंचायतीच्या शिपायाकडं असते, त्यामुळं गावात सरपंचापेक्षा त्याला जास्त नमस्कार मिळतात. आणि गॅलरीत उभं राहिलं की समोर मराठी शाळा. पहिली ते सातवी. मधे फक्त आमची गल्ली.

ही गल्लीची रुंदी माझ्या शेजारणीला फार महत्त्वाची होती. तिचा नवरा काही वर्षांपूर्वी गेला. एकच मुलगी, त्या वर्षी सहावीत. शेजारीण एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला, कोअर शॉपला. म्हणजे ओतकामाच्या साच्यात घालायचे वाळूचे गाभे तयार करायचे. पहिली पाळी. कंपनीची बस सकाळी साडेसहाला नाक्यावर येते, थांबत नाही म्हटलं तरी चालेल, नुसती हळू होते. बाई जाताना पोरीची वेणी घालून जायची, पोरगी परत झोपायची, मग आपली आपण उठून, खाऊन, कुलूप लावून साडेदहाला गल्ली ओलांडायची. किल्ली आमच्या दारातल्या खिळ्याला. "आजोबा, किल्ली!" एवढं ओरडायची आणि पळायची. आई साडेचारला घरी, शाळा पाचला सुटायची. सगळं घड्याळ त्या गल्लीवर चालत होतं.

दिवाळीच्या थोडं आधी एका संध्याकाळी शेजारीण आली. अंगावर कंपनीचा निळा शर्ट तसाच, केसांत वाळू. दारातच उभी राहिली.

"काका, पाचवी ते सातवी हायवेपल्याडच्या शाळेत हलवाय लागलेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर. आज पालकांची मीटिंग झाली."

मी हातातला चहा खाली ठेवला. हायवेपल्याड म्हणजे बोगद्यातनं. हायवेखालून जायला एक बोगदा आहे, त्यातनं ट्रॅक्टर, वाळूचे डंपर, दुधाच्या गाड्या सगळं एकदम घुसतं, आणि पाऊस झाला की घोट्यापर्यंत पाणी. मी स्वतः तिथं स्कूटर घालताना देवाचं नाव घेतो.

"आणि एवढ्या लांब पोरीला सोडणार कोण?"

"त्येच की. मी साडेसहाला जातो. भाऊ म्हणतोय कबनूरला पाठव तिला. त्येच्या दारातच हायस्कूल हाय. पण काका, एकच पोरगी हाय मला. ती बी मामाकडं ठेवली तर मी कुणासाठी कामाला जायाचं?"

बायकोनं तिला आत घेतलं, बसवलं, चहा दिला. मी मात्र पेटलो होतो. मी म्हणालो, "बघतोच मी. कुणाच्या डोक्यातनं निघालंय हे, त्याचं नाव काढतो."

तिनं मान खाली घालून बशीत चहा ओतला. चहा पिऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांना गाठलं. चांगला माणूस. निम्मा दिवस शिकवतो, निम्मा दिवस मोबाईलवर माहिती भरतो. पटाचं विचारलं तर म्हणाले, "पट कमी झालाय, नाही म्हणत नाही. पण गावातली पोरं पिवळ्या बसमधनं इंग्रजी शाळेत जातात त्याला मी काय करू? तुमचा मुलगा कुठं शिकला?"

हा टोला मला बसला. माझा मुलगा इंग्रजी शाळेतच शिकला. पिवळ्या बसमधनंच.

"ते राहू दे," मी म्हणालो. "हे ठरवलं कुणी?"

हेडमास्तरांनी बोटानं छताकडं दाखवलं. "वरनं आलंय."

मग मी तालुक्याच्या ऑफिसला गेलो. पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला, दुसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेला तिथल्या एका क्लार्क बाईला माझी दया आली असावी. तिनं खुर्ची दिली, फाईल काढली, पान उलटलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "काका, आम्ही कुणाची शाळा उठवायला बसलो नाही. तुमच्या गावानंच मागणी केलीय. ग्रामसभेचा ठराव आहे. सर्वानुमते. बघा."

ठरावाची नक्कल होती. पाचवी ते सातवीचे वर्ग शेजारच्या शाळेत समायोजित करावेत, रिकाम्या होणाऱ्या खोल्या ग्रामपंचायतीला अभ्यासिका आणि व्यायामशाळेसाठी मिळाव्यात, विद्यार्थ्यांच्या हिताचा विचार करून ही ग्रामसभा सर्वानुमते मंजुरी देत आहे. तारीख झेंडावंदनाच्या दिवसाची, पंधरा ऑगस्टची.

मी विचारलं, "म्हणजे हे खालनं वर आलंय?"

"खालनंच येतं काका सगळं. गावानं वेगळं काही लिहून दिलं तर साहेब आदेश थांबवूही शकतात," ती म्हणाली आणि दुसऱ्या माणसाची फाईल घेतली.

खाली उतरताना माझ्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. हेडमास्तर म्हणतात वरनं आलं, ऑफिस म्हणतं खालनं आलं. मधे आहे काय मग? आणि कुठली ग्रामसभा? त्या दिवशी मी झेंडावंदनाला होतो. भाषण झालं, पोरांनी कवायत केली, सगळ्यांनी जिलेबीच्या पुड्या घेतल्या आणि अर्ध्या तासात मैदान रिकामं. ग्रामसभेला शाळेच्या व्हरांड्यात पंधरावीस डोकी बसली असतील नसतील. मग सर्वानुमते म्हणजे कुणाच्या मते?

आणि एकदम लख्ख उजेड पडला. आयला, सह्या! सह्या खोट्या आहेत!

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. शेजारणीचं दुःख क्षणभर बाजूला राहिलं. इतकी वर्षं जे काम केलं ते गावाच्या कामी येणार, आणि तेही असं, की सगळ्या गावानं म्हणावं, ह्याला शंकेखोर म्हणत होतो, पण बघा! बसमध्ये मी मनातल्या मनात भाषणसुद्धा तयार केलं. घरी येऊन कपाटातनं माझं जुनं भिंग काढलं, धोतराच्या कापडानं पुसलं. बायको म्हणाली, "आता काय हळद बघाय निघालाय व्हय, अस्सल हाय का नकली?" मी म्हणालो, "थांब, दोन दिवस थांब, मग बोल."

ग्रामपंचायतीत अर्ज दिला. ग्रामसेवकाला आमच्यात भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेबांनी आज या, उद्या या करून आठवडा घालवला. मला वाटलं, टाळतोय, म्हणजे नक्की पाणी मुरतंय. मग एका सकाळी त्यांनी प्रोसिडिंग बुक माझ्यापुढं ठेवलं. हे म्हणजे सभेचं मोठं जाड रजिस्टर. आधी हजर असलेल्यांच्या सह्या घेतात, त्यापुढच्या पानांवर ठराव लिहितात. पंधरा ऑगस्टची पहिली दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. भाऊसाहेबांनी पट्टी घालून ती हळूच सोडवली.

"जिलेबीचा पाक हो," ते म्हणाले. "त्या दिवशी सगळ्यांचे हात चिकट."

मी चष्मा वर केला, भिंग डोळ्याला लावलं आणि पहिल्या ओळीवर आणलं.

माझी सही होती.

मी भिंग बाजूला केलं. परत लावलं. आडनावाच्या शेवटी खाली ओढलेली रेघ, तिच्यावर दोन टिंबं, पहिल्या अक्षराचा वर वळवलेला फाटा. इतक्या वर्षांत हजारो सह्या बघितल्या, पण एवढी बिनचूक जुळणारी सही क्वचित बघितली असेल. बँकेत ती आली असती तर मी एका नजरेत पास केली असती.

आणि मला आठवलं. आठवायला एवढा वेळ का लागला हेच कळत नाही. झेंडावंदनाहून घरी येऊन मी गेटात उभा होतो, एका हातात जिलेबीची पुडी, त्यातली एक तोंडात. शिपाई सायकलवरनं आला. कॅरियरला रजिस्टर. म्हणाला, "काका, कोरम भरंना झालाय, डोकी कमी पडल्यात. एवढी एक सही द्या की." मी विचारलं, कशाबद्दल आहे सभा? तो म्हणाला, "नेहमीचंच, पाणी, गटर." मी हात पुसायला रुमाल शोधला, सापडला नाही, तशाच हातानं सही केली. पुढची पानं कोरी होती. कोऱ्या पानाआधी सही! बँकेत कुणी खातेदारानं असं केलं असतं तर मी त्याला अर्धा तास झापला असता. पण शिपाई गेटात उभा, सण, तोंडात जिलेबी, आणि उद्या पाणी त्याच्याच हातनं सुटायचं. नाही कसं म्हणायचं? आमच्याकडं कोरमपुरती सही म्हणजे सही नव्हेच, ती शेजाऱ्याला विरजण दिल्यासारखी देतात.

भाऊसाहेब म्हणाले, "काय झालं काका? पाणी देऊ?"

मी मान हलवली आणि पुढच्या सह्या बघायला लागलो, उगीच, डोळे कुठंतरी ठेवायला पाहिजेत म्हणून. सगळ्या खऱ्या. एकेक ओळखीचा हात. दूधवाल्याची, किराणावाल्याची, वरच्या आळीच्या रिटायर सुभेदारांची. आणि पाचव्या ओळीवर सुटी सुटी, जपून काढलेली अक्षरं, पूर्ण नाव, मधे नवऱ्याचंही नाव लिहिलेलं. माझ्या शेजारणीची सही.

तिनंही केली होती. स्वतःच्या पोरीची शाळा उठवायला.

मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढला आणि बाहेर पडलो. शिपाई टाकीजवळ व्हॉल्व्ह उघडत होता. मी त्याच्यावर ओरडणार होतो. तयारीनं गेलो होतो. पण त्यानं असं निवांत हसून बघितलं की ओरडणंच आलं नाही. मी एवढंच विचारलं, "पहिली सही माझीच का घेतलीस?"

"तुमचीच घेतो की नेहमी," तो म्हणाला. "तुमची वर असली म्हंजे खालची मान्सं इचारत न्हाईत. मग एका तासात कोरम. दुसऱ्या कुणाची वर असली की लोक बसत्यात इचारत, हे काय हाय, ते काय हाय. लई वेळ जातो काका."

"किती वर्षं करतोयस हे?"

"तुम्ही रिटायर झाल्यापासनं."

म्हणजे हे सगळं मीच. मी गावात ज्या ज्या ठरावाला नाव ठेवलं, सिमेंटचा रस्ता काय, चुकीच्या जागी बसवलेला बसस्टॉप काय, त्यातल्या निम्म्यांवर पहिल्या ओळीत माझी सही असणार. मी सरपंचांनाही भेटलो. मला वाटलं होतं तिथं तरी काही काळंबेरं निघेल. ते म्हणाले, "अहो काका, तालुक्याच्या मीटिंगला कुणीतरी म्हणालं पट कमी असंल तर ठराव द्या, व्यायामशाळा मिळंल. आम्ही भाऊसाहेबांना सांगितलं. भाऊसाहेबांनी दुसऱ्या गावाच्या ठरावावरनं उतरवलं. कुणी नको म्हणालं न्हाई. म्हटलं लोकांना पाहिजे असंल." मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. माणूस खरं बोलत होता. ह्या सगळ्या साखळीत मला एकसुद्धा लबाड सापडला नाही, आणि त्याचंच मला जास्त भ्या वाटलं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "तिला सांगणार हाय का?"

"सांगायला पाहिजे."

"मग जावा की."

दोन दिवस गेलो नाही. खरंच सांगतो, लाज वाटत होती. शेजारणीच्या घराचा दरवाजा वाजला की मी गॅलरीतनं आत यायचो. संध्याकाळी पोरगी दारात रांगोळीचे ठिपके काढत बसायची, तिच्याशीही बोललो नाही. तिनं दोनदा हाक मारली, "आजोबा, इथं मोर काढू का कमळ?" मी म्हटलं, काहीही काढ. तिला ते लागलं असणार, कारण एरवी मी कमळाच्या पाकळ्या मोजून सांगणारा माणूस.

तिसऱ्या दिवशी शेजारीण कामावरनं आली तेव्हा तिच्या घरी गेलो. ती पोरीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. पिशवी शेजारी. म्हणजे मनानं तिनं पोरगी कबनूरला पाठवली होती. पोरगी बाहेर खेळायला गेली होती ते बरं झालं.

मी मोबाईल काढून तिच्यापुढं धरला. म्हणालो, "हे बघ. ह्या ठरावाच्या सह्या. पहिली माझी आहे. मी न वाचता केली. तुझीपण आहे, पाचवी."

तिनं फोटोकडं बघितलंसुद्धा नाही. हातातला फ्रॉक घडी करून पिशवीत ठेवला.

"म्हाईत हाय काका."

"काय माहीत आहे?"

"मीटिंगमधी हेडमास्तरांनी वरनं आलेल्या कागदातली ठरावाची तारीख वाचली, तवाच म्हाईत झालं. त्या दिवशी शिपाई माझ्याकडं आलता की. मी पेन हातात घेतलं, तर वर तुमची सही. मग मी काय इचारलं न्हाई. म्हटलं काकांनी केलीया म्हंजे वाचलं असंल."

मी तिथंच पाटावर बसलो. म्हणजे ती माझ्या दारात आली तेव्हा तिला ठाऊक होतं. मी पेटलो, ओरडलो, नाव काढतो म्हणालो, तीन वेळा तालुक्याला गेलो, भिंग पुसत बसलो, आणि रोज संध्याकाळी तिला हकीकत सांगत राहिलो, तेव्हाही तिला ठाऊक होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? मला वाटलं तुम्ही कायतरी इचार करूनच केली असंल. शाळा लहान पडाय लागली असंल, पोरांच्या भल्याचं असंल. मग तुम्ही फिराय लागलासा, तवा वाटलं, आता बोलून तुमचा मान कशाला घालवायचा."

मी म्हणालो, आपण अर्ज देऊ, सह्या कोरमपुरत्या होत्या, ठराव वाचून दाखवला नव्हता, असं सगळ्यांनी लिहून देऊ. क्लार्क बाई म्हणाली होती की असं काही आलं तर साहेब आदेश थांबवू शकतात.

"लिवा," ती म्हणाली. "पण ह्या बारीला मी वाचून सही करणार."

त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहिला आणि घेऊन गेलो. तिनं तो दिव्याखाली धरून वाचला. बोट ओळीवर ठेवून, ओठ हलवत. 'समायोजन' शब्दाशी थांबली, विचारलं, मी सांगितलं. पुढच्या ओळीत मी 'अनवधानाने' लिहिलं होतं, तिथं परत थांबली. म्हणाली, "हे कशाला? न वाचता, असं सरळ लिवा की." मी खोडून तसं लिहिलं. मग तिनं सही केली.

बाकीच्यांच्या सह्या घ्यायला मला वाटलं होतं एक दिवस पुरेल. सहा दिवस लागले. लोक पेन काढून तयारच असायचे. "तुम्ही लिवलंय न्हवं? मग झालं की, आणा हिकडं." मी कागद मागं ओढायचो. म्हणायचो, आधी वाचा. दूधवाला चिडला, त्याची गिऱ्हाइकं खोळंबली होती. किराणावाला म्हणाला, "काका, तुम्हाला काय झालंय? बरं वाटत न्हाई का?" सुभेदारांनी वाचलं आणि सही करायला नकार दिला. आपण न वाचता सही केली हे लिहून देणं त्यांच्या शिस्तीत बसेना. मी त्यांना म्हणालो, "माझ्याही बसत नाही हो." शेवटी त्यांनी दिली, पण माझ्याशी बोलणं बंद केलं ते बंदच आहे.

अर्ज दिला तोवर दिवाळी आली. भाऊबीजेला शेजारणीचा भाऊ कबनूरहून मोटरसायकलवरनं आला. तिथल्या शाळेत त्यानं सगळं बोलून ठेवलं होतं. शेजारीण माझ्याकडं आली. "काका, कागद येईल का हो? आला तर पाठवत न्हाई."

मी इतकी वर्षं प्रत्येक गोष्टीवर शंका घेतली, ती फुकटच. त्या दिवशी तिला एक खात्रीचं उत्तर पाहिजे होतं आणि माझ्याकडं नव्हतं. मी म्हणालो, "सांगता येत नाही."

दाखला काढला आणि पोरगी गेली. मोटरसायकलवर मामाच्या मागं बसून, मांडीवर पिशवी. किल्ली आमच्या खिळ्यालाच राहिली.

कागद शाळा सुरू झाल्यावर आठ दिवसांनी आला. पुढील ग्रामसभेपर्यंत स्थगिती. मग जानेवारीच्या झेंडावंदनाला ग्रामसभा झाली. मी उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत सांगितलं, सही माझी आहे, खरी आहे, आणि मी वाचलं नव्हतं. कुणी हसलं नाही. त्या दिवशी माणसं बसून राहिली, जिलेबी हातात घेऊन बसली पण बसली. ठराव रद्द झाला. पाचवी ते सातवी आहे तिथंच. सरपंचांनी माझं अभिनंदन केलं, शिपायानं सगळ्यांत शेवटी माझी सही घेतली.

संध्याकाळी मी शेजारणीकडं गेलो. ती पोरीशी मोबाईलवर बोलायच्याच तयारीत होती. मी म्हणालो, "शाळा राहिली. आता जूनला परत आण तिला."

"तुम्ही म्हणत असला तर आणतो," ती म्हणाली.

मी म्हणालो, "मला विचारू नको. तिला विचार." आणि म्हणताना लक्षात आलं की ह्या सगळ्या भानगडीत पोरीला कुणी काही विचारलंच नव्हतं. मीसुद्धा.

तिनं फोन लावला, स्पीकर चालू केला. पलीकडं मामाच्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येत होता. आईनं सांगितलं, आपली शाळा हाय तितंच ऱ्हायली, कुठं हलली न्हाई, जूनला येतीस का? मग पोरगी म्हणाली, "हलली न्हाई? मग मला कशाला पाठवलंसा?"

शेजारीण माझ्याकडं बघायला लागली. रागानं नव्हे. तिनं फोन माझ्यापुढं धरला, कारण उत्तर माझ्याकडं होतं.

मी म्हणालो, "बाळ, मी आजोबा बोलतोय. शाळा हलवायच्या कागदावर मी न वाचता सही केली होती. म्हणून."

"आजोबा, तुम्ही?" ती म्हणाली.